नाव झाकणारी मार्गदर्शक-जोडणी सेवा : दोन फेऱ्यांनंतरचे परीक्षण

विद्यार्थ्यांना अनुभवी मार्गदर्शक मिळवून देणारी एक ऑनलाइन सेवा आमच्या महाविद्यालयाने दोन सत्रांसाठी घेतली होती. विद्यार्थी-मार्गदर्शनाची समन्वयक या नात्याने तिच्या दोन्ही फेऱ्या मी पहिल्या नोंदणीपासून शेवटच्या अभिप्रायापर्यंत जवळून पाहिल्या. सेवेचे नाव इथे घेत नाही, कारण मला दिसलेल्या उणिवा तिच्या एकटीच्या नाहीत; याच पद्धतीने बांधलेल्या कोणत्याही सेवेला त्या लागू पडतील. ही सेवा स्वतःचे वर्णन ‘पक्षपातमुक्त मार्गदर्शन’ असे करते, म्हणून परीक्षणही त्याच दाव्याचे व्हायला हवे. ॲप वापरायला सोपे आहे, संदेश वेळेवर पोहोचतात, अडचण कळवली की दुसऱ्या दिवशी उत्तर मिळते. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही आणि त्यावर अधिक लिहिण्याचीही गरज नाही.

सेवा घेण्यापूर्वी आमच्याकडे मार्गदर्शक मिळत असे तो ओळखीने. वर्गात पुढे बसणारा, तास संपल्यावर थांबून प्रश्न विचारणारा, ज्याच्या घरात आधी कोणीतरी उच्च शिक्षण घेतले आहे असा विद्यार्थी प्राध्यापकांच्या नजरेत भरायचा आणि पुढची वाट त्याला आपसूक सापडायची. मार्गदर्शक मागायचा असतो, मागितला तर मिळतो आणि मागण्यात कमीपणा नसतो, ही गोष्टच ज्याला कोणी सांगितलेली नसे, तो चांगले गुण मिळवूनही कोणाच्या फारसा लक्षात न येता पदवी घेऊन निघून जायचा. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. बाहेरच्या एखाद्या तज्ज्ञाने ‘कोणी चांगला विद्यार्थी असेल तर सुचवा’ असे म्हटले की माझ्याही तोंडी तीच चार-पाच नावे येत. एकदा मी अशा सुचवलेल्या सगळ्या नावांची यादी करून पाहिली. बोलण्यात, वावरण्यात आणि घरच्या वातावरणात ती सारी मुले माझ्यासारखीच होती. सेवा घेण्याचा आग्रह मी धरला तो या यादीमुळे.

नोंदणीचा अर्ज ही या सेवेची सर्वांत विचारपूर्वक केलेली बाजू आहे. विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र, लिंग, वय आणि शाळेचे नाव यांपैकी काहीही मार्गदर्शकाला पहिल्या टप्प्यात दिसत नाही. त्याला दिसतो तो विषय, विद्यार्थ्याला हवी असलेली मदत, आणि ‘तुम्ही नुकतेच काय करून पाहिले आणि कुठे अडलात’ या एका प्रश्नाचे उत्तर. मार्गदर्शकाने होकार दिल्यावरच नाव उघड होते.

ही झाकाझाक अनावश्यक आहे, असे माझ्या काही सहकाऱ्यांचे मत होते. शिक्षणक्षेत्रातली माणसे नाव पाहून निर्णय घेत नाहीत, असे ते म्हणत. त्यांची भावना मला कळते, पण पुरावा त्यांच्या बाजूने नाही. कॅथरीन मिल्कमन, मोडुपे अकिनोला आणि डॉली चुघ या संशोधकांनी अमेरिकेतील २५९ विद्यापीठांमधल्या साडेसहा हजारांहून अधिक प्राध्यापकांना ई-मेल पाठवले होते. पीएच.डी. करू इच्छिणारा कोणी एक विद्यार्थी संशोधनाबद्दल बोलण्यासाठी थोडा वेळ मागतो आहे, एवढाच त्यातला मजकूर. तो सगळीकडे सारखा होता. बदलले होते ते फक्त खालचे नाव. नावावरून पाठवणारा गोरा पुरुष वाटला, तर उत्तर येण्याची शक्यता अधिक होती. स्त्रियांच्या आणि वांशिक अल्पसंख्याकांच्या पत्रांकडे दुर्लक्ष होण्याचे प्रमाण जास्त होते, आणि अधिक पगाराच्या ज्ञानशाखांमध्ये व खासगी विद्यापीठांमध्ये ते विशेष ठळक होते. जिथे स्त्रिया किंवा अल्पसंख्याक प्राध्यापक अधिक, तिथे तरी हा फरक कमी असेल अशी आपली अपेक्षा असते, पण तसा संबंध त्यांना आढळला नाही.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातला एक तपशील मला अशा सेवांच्या रचनेसाठी फार मोलाचा वाटतो. भेट त्याच दिवशी मागितली असेल तेव्हा हा भेद जवळजवळ नाहीसा होत होता. आठवड्यानंतरची भेट मागितली, तेव्हा मात्र गोऱ्या पुरुषांच्या नावांना इतरांपेक्षा २६ टक्के अधिक वेळा होकार मिळाला. आजच्या भेटीबद्दल माणूस ‘मला वेळ आहे का’ एवढेच पाहतो. भेट पुढच्या आठवड्यावर गेली की ‘हिच्यासाठी वेळ काढावा का’ असा विचार सुरू होतो आणि पूर्वग्रहाला शिरकाव मिळतो. या सेवेत मार्गदर्शकाला एका विनंतीवर विचार करण्यासाठी चौदा दिवस दिलेले आहेत. त्यामागे सौजन्य आहे हे खरे, पण त्याची किंमत विद्यार्थी मोजतो. पहिल्या फेरीत काही विनंत्या तेराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत तशाच पडून राहिल्या आणि मग आपोआप रद्द झाल्या. विद्यार्थ्याला पडद्यावर दिसले ते फक्त ‘मुदत संपली’.

दुसऱ्या फेरीत आम्ही मार्गदर्शकांना सुचवले की त्यांनी आठवड्यातला एक ठरावीक तास आधीच मोकळा ठेवावा आणि त्या तासात क्रमाने येईल त्या विद्यार्थ्याला भेटावे. सेवेत ही सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये खूप आत ठेवलेली आणि मुळात बंद आहे. ती सुरू केल्यावर पडून राहणाऱ्या विनंत्या थांबल्या. आमचा गट लहान आहे, त्यावरून मोठा निष्कर्ष मी काढणार नाही. तरी ही सोय पहिल्या दिवसापासून सुरूच असायला हवी, असे मी ठामपणे म्हणेन.

नाव झाकल्याने बरेच काही साधते, पण सगळे नाही. अर्ज भरताना एका विद्यार्थिनीच्या शेजारी मी बसले होते. ‘कुठे अडलात’ या चौकटीत तिने आधी लिहिले, ‘आदरणीय महोदय, आपला अमूल्य वेळ घेत आहे त्याबद्दल क्षमस्व.’ मग ते खोडले. नंतर लिहिले, ‘मला डेटाचे विश्लेषण शिकण्याची आवड आहे.’ तेही खोडले. मी म्हटले, ‘अगं, परवा तू मला त्या तक्त्यातल्या रिकाम्या रकान्यांबद्दल विचारत होतीस ना, तेच लिही की.’ ती म्हणाली, ‘मॅडम, ते लिहिलं तर मला काहीच येत नाही असं वाटेल त्यांना.’ पाऊण तासाने चौकटीत उरल्या अडीच ओळी, आणि त्यांतली एक पुन्हा माफीचीच. तिच्या पलीकडच्या संगणकावर एका मुलाने तेवढ्या वेळात दोन परिच्छेद लिहून पाठवूनही दिले होते: सुट्टीत कुठे इंटर्नशिप केली, कोणत्या परिषदेला गेला, वडिलांच्या मित्राच्या कंपनीत काय पाहिले. नावे दोघांचीही झाकलेली होती. तरी कोण कुठल्या घरातून आले आहे हे कळायला वाचणाऱ्याला नावाची गरज पडली नसती. त्या मुलीने रिकाम्या रकान्यांचा जो प्रश्न मला विचारला होता, तो विषयाच्या गाभ्याला हात घालणारा होता, आणि तोच अर्जात आला नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीआधी आम्ही एक तास फक्त या चौकटीसाठी ठेवला. मार्गदर्शक काय शोधत असतो, अडचण नेमकी लिहिणे म्हणजे अज्ञान उघडे पाडणे का नव्हे, माफी का मागायची नाही, हे विद्यार्थ्यांना जुन्या अर्जांचे नमुने दाखवून सांगितले. हे काम सेवेनेच करायला हवे होते. एका मोठ्या कोऱ्या चौकटीऐवजी तीन छोटे, नेमके प्रश्न विचारले, तर ज्याला असे लिहिण्याचा सराव नाही त्यालाही आपले म्हणणे मांडता येईल. मी ही सूचना लेखी पाठवली आहे.

अर्जानंतर जोडी जुळवण्याचे काम संगणक करतो, आणि इथे सेवेचा दावा एकीकडे आणि करणी दुसरीकडे आहे. जोडीचा ‘साम्य-गुण’ काढताना विषय आणि गरज यांच्या जोडीला छंद, प्रवास आणि आवडते खेळ यांनाही वजन दिलेले आहे. सारखी माणसे एकमेकांकडे ओढली जातात, या प्रवृत्तीला पॉल लाझार्सफेल्ड आणि रॉबर्ट मर्टन यांनी १९५४ मध्ये ‘होमोफिली’ असे नाव दिले. तिच्यामुळे जी दारे बंद राहतात ती उघडण्यासाठी आपण सेवा घ्यायची आणि सेवेने तीच प्रवृत्ती गणितात घालून ठेवायची, हे मला मान्य होण्यासारखे नाही. छंदांच्या यादीत घोडेस्वारी होती, स्कूबा डायव्हिंग होते. धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणे किंवा शिकता शिकता नोकरी करणे यांपैकी काहीच नव्हते. ज्या विद्यार्थ्याचा कॉलेजनंतरचा सगळा वेळ कामात जातो त्याने ती यादी रिकामी सोडली, आणि त्याचा साम्य-गुण तेवढ्याने खाली आला. आम्ही हे दाखवून दिल्यावर सेवेने दुसऱ्या फेरीसाठी छंदांचे वजन शून्य करण्याची मुभा दिली. ही मुभा मागावी लागली याचे वाईट वाटते, पण मागितल्यावर वाद न घालता दिली, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

जुळवणीबद्दल आणखी एक गोष्ट फार कमी लोक विचारतात: पहिला प्रस्ताव कोण मांडतो? डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांनी १९६२ मध्ये दोन गटांतील पसंतिक्रम लक्षात घेऊन जोड्या लावण्याची जी रीत मांडली, तिच्यात प्रस्ताव मांडणाऱ्या बाजूला तिच्या दृष्टीने शक्य तितकी चांगली स्थिर जोडी (म्हणजे जी मोडून दुसऱ्या कोणाशी जुळणे दोन्ही बाजूंना अधिक पसंत पडेल असे उरत नाही अशी) मिळते आणि दुसऱ्या बाजूच्या वाट्याला तिच्या दृष्टीने शक्य तितकी कमी पसंतीची येते. हे केवळ गणित नाही. अमेरिकेत नव्या डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी रुग्णालये जोडून देणारी राष्ट्रीय व्यवस्था १९९०च्या दशकाच्या अखेरीस याच कारणाने बदलण्यात आली आणि प्रस्तावाची बाजू उमेदवारांकडे आणली गेली. त्या कामात पुढे असलेले ॲल्विन रॉथ आणि स्वतः शॅपली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या सेवेत यादी मार्गदर्शकापुढे ठेवली जाते आणि तो निवडतो. विद्यार्थ्याला पसंतिक्रम विचारला जातो खरा, पण दोन मार्गदर्शकांनी एकाच विद्यार्थ्याला निवडले तरच तो कामी येतो. ज्याच्या हातात आधीच सगळे आहे त्याच्याच हातात पहिली निवडही द्यायची, यामागचे कारण मला सेवेकडून समजू शकलेले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. वर लिहिलेल्या सगळ्या उणिवा दारापर्यंतच्या आहेत, आणि त्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत. दार उघडल्यानंतर आत काय होते, याकडे या सेवेचे लक्षच नाही.

पहिल्या फेरीच्या शेवटी दोन विद्यार्थ्यांनी आपापल्या संदेशपेट्या मला स्वतःहून दाखवल्या. एक मुलगा, एक मुलगी. विषय एकच, गुण जवळपास सारखे, आणि मार्गदर्शकही एकच. ते गृहस्थ सज्जन आहेत, वेळेचे पक्के आहेत, आणि त्यांनी दोघांनाही सारख्याच सहा भेटी दिल्या. अहवालाच्या पानावर दोन्ही जोड्यांपुढे ‘यशस्वी’ अशी हिरवी खूण आहे. मुलाच्या पेटीत असे संदेश होते: ‘तुझ्या मांडणीतला दुसरा भाग टिकत नाही, तो पुन्हा लिही आणि शुक्रवारी पाठव.’ आणि पुढे, ‘या विषयावर काम करणारे माझे एक मित्र आहेत, त्यांच्याकडे तुझा शब्द टाकला आहे.’ मुलीच्या पेटीत होते: ‘छान प्रयत्न केला आहे तुम्ही. असेच चालू ठेवा. काही लागले तर जरूर कळवा.’ मुलाला ‘तू’, मुलीला ‘तुम्ही’. त्यांच्या मनात तो आदरच असेल, याविषयी मला शंका नाही. पण त्या ‘तुम्ही’त एक अंतर होते, आणि सहा भेटींत ते कमी झाले नाही. मुलीची काहीच तक्रार नव्हती. दोन्ही पेट्या शेजारी ठेवून वाचेपर्यंत आपल्याला कमी मिळाले आहे, हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता.

मार्गदर्शक दोन वेगळ्या गोष्टी देतो, हे कॅथी क्रॅम यांनी १९८५ मध्येच मांडून ठेवले आहे. एक मानसिक आधार: धीर देणे, ऐकून घेणे, स्वीकारणे. दुसरी वाट पुढे नेणारी मदत: कठीण काम सोपवणे, चूक दाखवणे, चार लोकांत नाव पोहोचवणे, वेळ पडली तर पाठीशी उभे राहणे. मराठीत आपण या दुसऱ्या मदतीला ‘शब्द टाकणे’ म्हणतो, आणि तो कोणासाठी टाकला जातो यावर पुढची अनेक वर्षे ठरतात. कॉरिन मॉस-रॅक्युसिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२७ विज्ञान-प्राध्यापकांना प्रयोगशाळा-व्यवस्थापकाच्या जागेसाठी आलेला एकच अर्ज वाचायला दिला होता. काहींच्या प्रतीवर पुरुषाचे नाव होते, काहींच्या स्त्रीचे. पुरुषाचे नाव असलेला उमेदवार अधिक सक्षम ठरला, त्याला अधिक पगार सुचवला गेला, आणि आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याला मार्गदर्शन करण्याची तयारीही अधिक दिसली. मूल्यमापन करणाऱ्या स्त्री-प्राध्यापकही याला अपवाद नव्हत्या. जोडी जुळली म्हणून ही वृत्ती जात नाही. नाव उघड झाल्यावर ती तिथूनच कामाला लागते.

चूक न दाखवण्याबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण ती वरवर दयाळूपणासारखी दिसते. मागे राहिलेल्या गटातील विद्यार्थ्याला बोललो तर तो दुखावेल किंवा आपल्यावरच पक्षपाताचा आरोप येईल, या भीतीने चांगले मार्गदर्शकही हात आखडता घेतात आणि कौतुकावर वेळ मारून नेतात. जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी १९९९ मध्ये नेमका हाच पेच अभ्यासला. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या लिखाणावर कठोर टीका करताना तीन रीती वापरून पाहिल्या: नुसती टीका, आधी कौतुक आणि मग टीका, आणि टीकेबरोबर ‘माझी अपेक्षा उंच आहे आणि तुम्ही तिथवर पोहोचू शकता’ असे स्पष्ट सांगणे. तिसऱ्या रीतीने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा टीकेवरचा विश्वास आणि पुन्हा लिहिण्याची उमेद सर्वाधिक टिकली. कौतुकाचा मुलामा तेवढा उपयोगी ठरला नाही. सेवेच्या मार्गदर्शक-प्रशिक्षणात एक चित्रफीत आणि दहा प्रश्नांची चाचणी आहे. पूर्वग्रह म्हणजे काय, याची व्याख्या त्यात नीट दिली आहे. पण एखाद्याच्या कच्च्या मसुद्यावर काय लिहायचे आणि कसे, याचे एकही उदाहरण त्यात नाही, आणि मार्गदर्शकाला रोज लागते ते हेच.

अहवालाचा विभाग सर्वांत निराशाजनक आहे. त्यात भेटींची संख्या, मिनिटे आणि विद्यार्थ्यांनी दिलेले तारे मोजले जातात. तारे मार्गदर्शकाला नावासकट दिसतात. ज्याच्याकडून उद्या शिफारसपत्र घ्यायचे आहे त्याला तीन तारे देण्याचे धाडस कोणता विद्यार्थी करील? आमच्या पहिल्या फेरीत जवळपास सर्वांना पाच तारे मिळाले, त्या दोन संदेशपेट्यांच्या मार्गदर्शकांनाही दोघांकडून पाच. मला हवे ते प्रश्न साधे आहेत. तुमच्या कामातली एखादी नेमकी चूक दाखवली गेली का? तुमची कोणाशी ओळख करून दिली गेली का? तुम्हाला झेपेल की नाही अशी शंका वाटावी इतके अवघड काम कधी मिळाले का? याची उत्तरे फक्त समन्वयकाकडे, गटवार एकत्र करून यावीत, म्हणजे कोणाला काय मिळाले नाही ते वेळेत दिसेल आणि कोणाचे नावही उघडे पडणार नाही.

विद्यार्थिनींना स्त्री-मार्गदर्शकच द्यावेत का, असे मला अनेकांनी विचारले. निलंजना दासगुप्ता आणि तारा डेनेही यांनी अभियांत्रिकीच्या १५० विद्यार्थिनींवर केलेला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच्या बाजूने बोलतो: पहिल्याच वर्षी वरच्या वर्गातील विद्यार्थिनी मार्गदर्शक म्हणून मिळाल्या, तर आपण इथे शोभतो ही भावना टिकली आणि शाखा सोडण्याचे प्रमाण घटले. सेवेत अशी पसंती नोंदवता येते आणि ती ऐच्छिक आहे, हे योग्यच आहे. मात्र ज्या क्षेत्रांत अनुभवी स्त्रिया मोजक्या आहेत, तिथे सगळा भार त्यांच्यावर पडतो. आमच्या एका मार्गदर्शिकेकडे दुसऱ्या फेरीत सात विद्यार्थिनी आल्या, तिच्या पुरुष सहकाऱ्यांकडे प्रत्येकी दोन किंवा तीन. सेवेने एका व्यक्तीकडच्या विद्यार्थ्यांची कमाल संख्या ठरवायला हवी, आणि या कामाचे प्रमाणपत्र तरी असे द्यावे की जे संबंधितांच्या पदोन्नतीत मोजले जाईल.

सेवा घ्यावी की नाही, असे कोणी विचारले तर मी घ्या म्हणेन, पण समन्वयकाकडे संदेशपेट्या वाचण्याइतका नव्हे, तरी विद्यार्थ्यांशी महिन्यातून एकदा निवांत बोलण्याइतका वेळ असेल तरच. तो नसेल तर हिरव्या खुणांवर विसंबून राहणे घडेल आणि जुनाच भेद नव्या कागदावर नीटनेटका दिसू लागेल. आम्ही तिसऱ्या फेरीची नोंदणी करताना तीन मागण्या लेखी दिल्या: ठरावीक तासाची सोय मुळापासून सुरू ठेवणे, पहिला प्रस्ताव विद्यार्थ्याकडे देणे, आणि ताऱ्यांच्या जागी वरचे तीन प्रश्न विचारणे. पहिली मान्य झाली आहे. दुसरीवर विचार सुरू असल्याचे कळवले गेले. तिसरीचे उत्तर अजून यायचे आहे, आणि तोवर ते प्रश्न मी कागदावर छापून विद्यार्थ्यांना स्वतः देणार आहे. रिकाम्या रकान्यांचा प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थिनीने या वेळी अर्जात तोच प्रश्न लिहिला आहे, माफीच्या ओळीशिवाय.